तकसीम

समोरच्या घरातली मुलगी गेले आठ दिवस गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करते आहे. बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे. फेऱ्या मारणं ठीक, पण पाठ काय करते तर 'ऋण एक छेद दोन'. माझ्या खुर्चीपर्यंत तेवढंच ऐकू येतं. पुढचं वाऱ्यावर जातं. काल तिला हाक मारून विचारलं, बाई गं, हे एक छेद दोन कुठून आलं? ती म्हणाली, समीकरणात परॉक्साइडच्या आधी दोन आहे ना, म्हणून. मग विचारलं, पण भागायचं का? गुणायचं का नाही? ती म्हणाली, आजोबा, ते फॉर्म्युल्यातच आहे. आणि पुन्हा फेऱ्या सुरू.

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. करडई काढणीला आली, उन्हाला धार चढली, संध्याकाळी तरणीताठी पोरं पुस्तक घेऊन झाडाखाली दिसायला लागली की मला दरवर्षी थोडी धास्ती वाटते आणि मग आठवतं की आपल्याला आता कुठला पेपर द्यायचा नाही, तपासायचाही नाही. मग चहा जरा जास्तच गोड लागतो. पण या मुलीच्या त्या 'एक छेद दोन'ने माझी सत्तावन्न सालातली धास्ती जागी केली, आणि ती एवढ्यातेवढ्याने बसणारी नव्हती.

त्या आधीच्या वर्षी आमचा मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला होता. माणसं तीच, रस्ते तेच, फक्त कचेरीतल्या कागदांची भाषा बदलली. माझी अडचण अशी की मी वालूरचा, आईच्या दुधाबरोबर मराठी प्यालेला, पण रसायनशास्त्र शिकलो हैदराबादेत, उर्दूतून. ज्वारीला कीड लागली तर मी मराठीत हळहळायचो, पण आम्लात चुना टाकला की माझ्या डोक्यात उर्दू सुरू व्हायची. क्रिया म्हणजे तआमुल, वेग म्हणजे रफ्तार, समीकरणात पदार्थाच्या आधी लिहिलेला आकडा म्हणजे अदद. मराठीत रसायन शिकवायचं म्हणजे आपल्याच घरात पाहुणा होऊन बसण्यासारखं होतं. पाणी कुठं ठेवतात ते माहीत असून विचारावं लागायचं.

परभणीच्या ज्या हायस्कुलात मला तात्पुरती नेमणूक मिळाली, तिथे शास्त्राचा वरचा वर्ग मराठीतून पहिल्यांदाच सुरू झाला होता. वर्गात बावीस जण. एकवीस मुलगे आणि एक मुलगी, सुशीला. तिचे वडील पूर्णा जंक्शनवर रुळांचे सांधे बदलायचं काम करायचे. ती पूर्णेहून गाडीने यायची, तीच गाडी पिंगळीला थांबली की माणिक चढायचा. माणिक हा वर्गातला सगळ्यात दांडगा आणि सगळ्यात कष्टाळू मुलगा, ज्याला काहीही एकदा सांगून समजायचं नाही आणि समजलं की पुन्हा कधी विसरायचा नाही. बाकीचे जवळपासच्या खेड्यांतले, शेतकऱ्यांचे. सकाळी वर्गात शिरलं की त्यांच्या कपड्यांना कडब्याचा वास असायचा.

प्रयोगशाळा म्हणजे निजामाच्या काळातली धान्याची कोठी. खिडकी एकच आणि तीही उंच. परॉक्साइड आम्ही औषधाच्या दुकानातून आणायचो आणि बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचो, कारण उन्हाळा लागला की तो बाटलीतल्या बाटलीत आपला आपणच फुटायचा, त्याचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायचं. त्याला फोडायला लागणारी काळी पूड जुन्या बॅटरीच्या सेलमधून काढायची. चिमूटभर पूड टाकली की द्रावण फसफसायचं, ऑक्सिजन नळीतून जाऊन पालथ्या घातलेल्या मोजपात्रातलं पाणी खाली ढकलायचा, आणि बावीस डोकी त्या पाण्याच्या रेषेवर वाकायची. एकाने घड्याळ बघायचं, एकाने रेषा वाचायची, एकाने लिहायचं. पहिल्या मिनिटाला रेषा भराभरा उतरायची, मग दमायची. पुढे किती पुस्तकं वाचली, पण क्रियेचा वेग म्हणजे काय हे मला त्या दमत जाणाऱ्या रेषेइतकं स्पष्ट कशानेच दाखवलं नाही.

मोजायचा ऑक्सिजन, पण जाणून घ्यायचं ते परॉक्साइड किती वेगाने संपतोय. तो तर डोळ्यांना दिसत नाही. इथे समीकरण कामाला येतं. परॉक्साइडचे दोन रेणू फुटतात तेव्हा पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक तयार होतो. म्हणजे ऑक्सिजन ज्या वेगाने निघतो त्याच्या दुप्पट वेगाने परॉक्साइड संपत असला पाहिजे. हे सांगताना मी बैलगाडीचा दाखला द्यायचो. बाजार उठला, गाड्या जुंपायला लागल्या, मिनिटाला पाच गाड्या जुंपल्या तर दावणीचे बैल मिनिटाला दहा कमी होणार. गाड्या मोजा, बैल न मोजता कळतात. माणिकने विचारलं होतं, सर, एकबैली छकडा असंल तर? मी म्हटलं, तर अदद एक. तो खूश झाला.

मग यायचा कठीण भाग. बैल दहाच्या वेगाने कमी होतात, गाड्या पाचच्या वेगाने वाढतात, मग जुंपणीचा म्हणून वेग कोणता मानायचा? माणसागणिक उत्तर बदलून कसं चालेल? त्यासाठी युक्ती अशी की ज्याचा त्याचा वेग ज्याच्या त्याच्या आकड्याने भागायचा. दहाला दोनने, पाचाला एकने. दोन्हीकडून पाचच येतात, आणि तोच जुंपणीचा खरा वेग. किती साधी गोष्ट. पण मी ती सांगितली कशी, तर माझ्या तोंडी बसलेल्या शब्दांत. म्हणालो, अदद बघून तकसीम करायची, विसरू नका. फळ्यावर हिशेब मीच करून दाखवायचो आणि माना त्यांच्या हलायच्या. हलणाऱ्या मानांवर विश्वास ठेवू नये हे मला अजून कळायचं होतं.

माघ सरता सरता चाचणी परीक्षा झाली. तिच्यात जे पास होतील त्यांचेच बोर्डाचे फॉर्म जायचे. मी एक गणित घातलं होतं. परॉक्साइड दर मिनिटाला बारा ग्रॅम-रेणू, म्हणजे आताचे मोल, या वेगाने फुटतो, तर पाणी आणि ऑक्सिजन कोणत्या वेगाने तयार होतात? पाणी बारा, ऑक्सिजन सहा. झालं उत्तर. पहिला पेपर उघडला, पाणी आठ, ऑक्सिजन चार. दुसरा उघडला, आठ आणि चार. तिसरा, चौथा, पाचवा. चहा निवून गेला. एकवीस पेपरांत आठ आणि चार, अक्षर वेगळं, आकडे तेच. फक्त एका पेपरात बारा आणि सहा, आणि तो पेपर सुशीलाचा.

आता ऐका माझी चूक, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेपर चालू असताना प्रयोगशाळेत फट्‍ असा आवाज आला होता. परॉक्साइडच्या बाटलीचं बूच उडालं होतं. त्या खोलीला आग लागली तर कडब्याच्या गंजीसारखी जळेल या भीतीने मी धावलो, आणि दहा मिनिटं परीक्षेच्या हॉलमध्ये कुणी नव्हतं.

हेडमास्तर साताऱ्याकडचे. राज्य बदलल्यावर बदलून आलेले, कडक आणि अगदी सरळ. ते इतिहास शिकवायचे, रसायनाशी त्यांचा संबंध नव्हता, पण एकवीस पेपरांत एकच चुकीचं उत्तर आणि हॉल दहा मिनिटं मोकळा, एवढं समजायला रसायन कशाला लागतंय? त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलाच्या खणात टाकला आणि किल्ली फिरवली. कॉपी करणाऱ्यांचे फॉर्म या शाळेतून जाणार नाहीत, म्हणाले. फॉर्म पाठवायला चार दिवस होते. तुमच्याबद्दल मला वर कळवावं लागेल, हेही म्हणाले, पण ते मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही.

त्या चार दिवसांतले पहिले तीन मला आजही आठवावेसे वाटत नाहीत. मी एकेकाला बोलावून विचारलं. कुणाचं बघून लिहिलं? प्रत्येकाने सांगितलं, कुणाचं न्हाई. मग आठ कसे आले? तर म्हणे, तुमीच सांगितल्यापरमाणं केलं, सर. मला वाटलं, हे पढवून आलेत. माणिक तर रडकुंडीला येऊन म्हणाला, तकसीमच तर केली, आणि मी त्याला ओरडून गप्प केलं. सांगायला लाज वाटते, पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. आधी हेडमास्तरांना माझी पोरं अशी नाहीत म्हणालो होतो, आणि तिसऱ्या दिवशी मनातल्या मनात तीच पोरं अशीच आहेत म्हणू लागलो होतो. एका वर्षी शाळेतून शास्त्राचा एकही फॉर्म गेला नाही तर पुढल्या वर्षी तो वर्ग राहील कशाला? मग ज्याची ऐपत असेल तो पोराला औरंगाबादेला पाठवेल, बाकीचे कासरा हातात घेतील. वर्ग सुटल्यावर फळ्याजवळ उभा राहून मी ते समीकरण पुन्हा पुन्हा बघायचो. दोन, दोन, एक. त्यात आठ आणि चार कुठेच बसत नव्हते.

गच्चीवरची मुलगी आता थांबली आहे. आईने खाली बोलावलं असावं. मला वाटतं तिला एकदा सांगावं की त्या आधीच्या ऋण चिन्हाला घाबरू नकोस. ज्याचं घटतंय त्याच्यापुढे ते लावायचं, म्हणजे घटणाऱ्याचा वेगही वाढणाऱ्याइतक्याच मानाने मोजता येतो. पण ती म्हणेल, ते फॉर्म्युल्यातच आहे. असू दे.

चौथ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी सुशीलाला खोलीत बोलावलं. मलाही बसवून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तू एकटी प्रामाणिक आहेस, तुझा फॉर्म आजच पाठवतो. फक्त कॉपी कुणी सुरू केली तेवढं सांग. मी खाली बघत होतो. ती मुलगी रोज त्याच एकवीस जणांबरोबर बाकावर बसायची, त्यातल्या चौघापाचांबरोबर एका डब्यातून यायची. कालपासून तिच्याशी कुणी बोलत नव्हतं हेही मला माहीत होतं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. म्हणाली,

"कुणीच कॉपी केली न्हाई, सर. त्यांना शेतं हायेत. मला न्हाई."

हेडमास्तरांना वाटलं मुलगी घाबरून काहीतरी बरळते आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. ती माझ्याकडे वळून सांगू लागली, आणि जसजशी सांगत गेली तसतसं माझं अंग हलकं व्हायला लागलं. तिच्या वडिलांनी लहानपणी उर्दूतून चार वर्ग केले होते. ते तिला पाढे घ्यायचे तेव्हा बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब आणि भागाकाराला तकसीम म्हणायचे. त्यांच्याकडे जमिनीचा तुकडाही नव्हता, त्यामुळे तिने तकसीम हा शब्द ऐकला तो फक्त पाटीवरच्या गणितात. मी तकसीम करा म्हटलं तेव्हा तिने भागलं. बाकी एकवीस जणांच्या घरी मात्र तो शब्द तलाठ्याच्या कागदातून आला होता.

हेडमास्तरांना तो शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी घंटी वाजवून नामदेव शिपायाला बोलावलं आणि विचारलं, तकसीम म्हणजे काय रे? नामदेव म्हणाला, वाटणी, साहेब. आमची झाली की मागल्या सालात. चार भावांत झाली, पर विहिरीकडचं मला न्हाई आलं. आणि विहिरीकडचं का आलं नाही ते तो सविस्तर सांगू लागला. त्याला थांबवायला हेडमास्तरांना दोनदा खाकरावं लागलं.

मी उठून त्या पेपरांतला माणिकचा पेपर काढला आणि तो पहिल्यांदा नीट वाचला. तीन दिवस मी नुसतं उत्तर बघत होतो, वरची रीत बघितलीच नव्हती. परॉक्साइड गेला. त्याच्यामागे दोन वारस, पाणी आणि ऑक्सिजन. पाण्याचे हिस्से दोन, ऑक्सिजनचा एक. अदद बघून तकसीम. बाराचे तीन हिस्से, पाण्याला आठ, ऑक्सिजनला चार. बेरीजही बारा. अर्ध्या आण्याची गफलत नाही. कुठल्याही कचेरीत मंजूर झाली असती अशी चोख वाटणी, आणि रसायनात साफ चूक.

मी हेडमास्तरांना तिथेच कागदावर वजन करून दाखवलं. परॉक्साइडचे बारा ग्रॅम-रेणू म्हणजे चारशे आठ ग्रॅम. पाणी बारा आणि ऑक्सिजन सहा घेतले तर बरोबर चारशे आठच भरतात. पोरांच्या वाटणीत दोनशे बहात्तर भरतात, एकशे छत्तीस ग्रॅम हवेत. रेणूंची संख्या बदलली तरी चालते, वजन बदलून चालत नाही. एवढं मी पोरांना एकदा सांगितलं असतं तर एकालाही वाटणी सुचली नसती. मी म्हणालो, चूक पोरांची नाही, माझी आहे. मराठीत शिकवायचा हुकूम असताना मी उर्दू शब्द वापरला, आणि त्यांनी तो आपल्या मराठीत ऐकला. हे लेखी द्यायला तयार आहे. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला छातीभर श्वास घेता येत होता. माझी नोकरी जाते की राहते याचं त्या घटकेला मला खरंच काही वाटलं नाही. पोरं चोर नव्हती.

हेडमास्तर लगेच विरघळले असं नाही. ते म्हणाले, तुमचं खरं असेल तर शब्द बदलून नवं गणित घाला, माझ्यासमोर. एकवीस जणांना तीन खोल्यांत लांब लांब बसवलं. मी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होतो ते समीकरण फळ्यावर लिहिलं, आधीचे आकडे एक, तीन आणि दोन. हायड्रोजन अठराच्या वेगाने संपतो, बाकीच्यांचे वेग काढा. समजावताना तकसीम शब्द जिभेवर आला तो गिळला. भागाकार म्हटलं. वाटणी नव्हे, भागाकार, ज्याच्या त्याच्या आकड्याने, आणि शेवटी वजन जुळतंय का बघा. शब्द उच्चारताना अनोळखी वाटला, पण जीभ वळली.

अर्ध्या तासाने कागद टेबलावर आले. नायट्रोजन सहा, अमोनिया बारा. पुन्हा सहा आणि बारा. एकोणीस कागद बरोबर. विसावा उघडला तर त्याने हायड्रोजनचे अठरा भागायच्या ऐवजी तीनने गुणले होते. एकविसावा माणिकचा. त्याने सगळं नीट भागून अमोनियाचं उत्तर नायट्रोजनपुढे आणि नायट्रोजनचं अमोनियापुढे लिहिलं होतं. हेडमास्तरांनी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून आकडे ताडून बघितले. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले,

"हे दोघे आपापल्या डोक्याने चुकलेत. यांनी कुणाचं बघितलेलं नाही."

खणाची किल्ली फिरली. बावीस फॉर्मांवर त्यांनी एकेक करून सही केली, लफ्फेदार, सावकाश. मी समोर उभा राहून शाई वाळायची वाट बघत होतो. माझ्याबद्दल वर काय कळवणार, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शेवटच्या सहीनंतर फक्त एवढंच म्हणाले, पुढच्या वर्षी पहिल्या दिवशीच शब्दांची यादी करा, आणि ती आधी नामदेवला दाखवा.

नामदेव गठ्ठा घेऊन टपालाकडे गेला. मी बाहेर आलो. कोठीच्या सावलीत सगळा वर्ग बसला होता, सुशीला त्यांच्या मधोमध, कुणीतरी तिच्या हातात भाजलेले शेंगदाणे ठेवले होते. मला बघून सगळे उभे राहिले. फॉर्म गेले, एवढंच मला म्हणता आलं. कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. एकाने टोपी काढून घाम पुसला, दोघे तिघे तिथेच मातीत परत बसले. माणिक मात्र तसाच उभा होता. त्याच्या हातात त्याने पुन्हा सोडवून बघितलेलं गणित होतं, आणि चेहरा पडलेला होता.

"सर," तो म्हणाला, "माझं चुकलं ना?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझी सगळी उर्दू आणि सगळी शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली, आणि तोंडातून वालूरचीच भाषा निघाली.

"चुकलं की, माणिक. लय झ्याक चुकलं."